पळणीतली वाट

नाय हो, होडी आहे, पाणी आहे, मी पण समोर बसलोय, पण पलीकडे नाय नेऊ शकत — तेच तर सांगतोय मघापासून. बसा ना. त्या दगडावर नको, शेवाळ आहे, इकडे माडाच्या खोडावर बसा. ती बॅग काढा आधी पाठीवरची. कुडाळपासून रिक्षाने म्हणजे कंबरेचा खुळखुळा झाला असेल तुमच्या. एक फोन केला असता तर — केलात? किती वेळा? हां. असेल. मीच उचलला नसेल. हल्ली कोणाचाच फोन उचलत नाय मी. तसा मी वाईट माणूस नाय, म्हणजे पाहुण्याला असं रखडवणारा नाय, विचारा कोणालाही — नाय, नको, आत्ता इथे कोणाला विचारू नका.

बोर्ड बघून आलात ना, नाक्यावरचा? ‘जुव्यावरची पायवाट, वर्षाचे बारा महिने’. माझाच तो. जुवा म्हणजे काय, खाडीतलं बेट — हे समोर दिसतंय ते. माझा जन्म तिथला. पायवाट मीच मोकळी केली, कोयता घेऊन, झुडपं तोडून, सगळ्या जुव्याला वळसा घालून परत धक्क्यावर. आणि बारा महिने म्हणजे खरंच बारा महिने हो, थाप नाय. पावसात वरच्या कातळावर न्यायचो मी लोकांना, भादव्यात तिथे फुलांची अशी गर्दी की पाय कुठे ठेवू विचार पडतो. थंडीत खालच्या अंगाने, कांदळाच्या झाडांतून, ओहोटी बघून जायचं, खंड्या, बगळे, नशिबात असला तर समुद्रगरुड. उन्हाळ्यात करवंदं खात खात जायचं, काजूचे बोंडू, जांभळं, माणसं तोंड जांभळं करून परत यायची. सगळ्या महिन्यांचा हिशोब लावून ठेवलेला मी. फक्त एक गोष्ट नाय लिहिली बोर्डावर. लिहायला पाहिजे होती. लाज वाटली.

कसली काय? ही बघा ना, आजूबाजूला. ह्या झावळांच्या खोपी, ही गुरं बांधलेली, ती चूल, ते वाळत घातलेले कपडे. तुम्हाला वाटलं असेल जत्रा-बित्रा आहे. जत्रा नाय, हा आमचा गाव आहे. अख्खा. पलीकडे आत्ता एक माणूस नाय, कुत्रं नाय, मांजर नाय. गावपळण म्हणतात ह्याला. काही वर्षं गेली की रवळनाथ, आमचा ग्रामदेव, कौल देतो, मग ढोल वाजतो आणि सगळ्यांनी गाव सोडायचा — म्हातारी, पोरं, आजारी, सगळी, गुराढोरांसकट — आणि शिवेबाहेर येऊन राहायचं. तीन रात्री. पलीकडे चूल पेटवायची नाय, दिवा लावायचा नाय, पाऊल ठेवायचं नाय. गाव देवाला मोकळा करून द्यायचा. मग मानकरी जातात, देवाच्या अंगावर तांदूळ लावून विचारतात, येऊ का आम्ही? उजव्या बाजूचा पडला की या. डाव्या बाजूचा पडला की नाय.

डावा पडला. म्हणून तर अजून इथे आहोत. परत विचारलं, परत डावा. लोक कंटाळलेत हो. पहिले दिवस मजा असते, फुगड्या, भजनं, बायका खाडीत उतरून कालवं काढतात, लहानपणी आम्हाला दिवाळीपेक्षा पळण आवडायची. पण आता पोरांच्या शाळा आहेत, म्हाताऱ्या माणसांना थंडी बाधते, एक गाय व्यायला आलीय. दाजी — ते आमचे मुख्य मानकरी, ते तिकडे पांढरा सदरा, टोपी, दिसले? — दाजी म्हणाले, पळण मोडलेली आहे, कोणीतरी मधे गावात जाऊन आलंय, त्याने देवासमोर उभं राहून कबूल करावं, मग बघू. आणि ते माणूस सापडलंय. म्हणजे, स्वतःच पुढे आलंय. आज जायचंय. तो खुंट बघा, पाण्यातला, होडी बांधायचा. त्याच्या वरच्या खाचेला भरतीचं पाणी लागलं की निघायचं. दाजी, ते माणूस, आणि मी. होडी माझी ना. वल्हवणार मीच.

माणूस म्हणजे बाई. विमलाकाकी. ती बघा, शेवटची खोप, एकटी बसलीय, कोंबडी मांडीवर. तिला कोणी वाळीत-बिळीत नाय टाकलेलं, गैरसमज नको, तसले नाय आमचे लोक. पण बोलत नाय कोणी. काल पाण्याला गेली तर बायका आपोआप बाजूला झाल्या. कोणी सांगितलं नव्हतं. सत्तरी उलटलेली बाई, एकटी राहते, काका गेले त्याला वर्षं झाली. आमचं घर लागून आहे. लहानपणी पळणीत मला कमरेवर घेऊन तीच होडीत बसायची, माझ्या आईकडे माझा धाकटा भाऊ असायचा म्हणून. आता तिला नेऊन उभी करायची देवासमोर, आणि ती म्हणणार, मी गेलेली. आणि ती कोंबडी सोडायची शिवेवरच्या राखणदार देवाला. सोडायची म्हणजे — कळलं ना तुम्हाला. कापायचीच. तांबडी म्हणते ती तिला.

कशाला गेली? नाय, ते आता — मोठी गोष्ट आहे. तुम्ही पाणी पिता का? कसला व्हिडिओ? कुठे बघितलात? दाखवा. नाय, नको, वर नका धरू, खाली धरा, मांडीवर. आवाज कमी करा. अजून कमी. अहो बंदच करा ना आवाज!

ओरडलो नाय मी. बरं, ओरडलो. चुकलं. सवय नाय मला ओरडायची.

हो. तोच जुवा. ती उर्वशी म्हणून बाई, तिचा चॅनेल आहे, तुम्ही बघता म्हणजे तुम्हाला माहीतच. बेटांवर चालते ती. अंदमान, लक्षद्वीप, कुठल्या कुठल्या बाहेरच्या देशांतली बेटं, सगळीकडच्या वाटा चालून आलेली बाई. तिने मला आधीच कळवलेलं, ह्याच तारखा, मागेपुढे होणार नाय म्हणाली, पुढे तिला दुसरीकडे जायचं होतं. आणि कौल पडला तो नेमका त्याच दिवसांत. तिला सांगायचं होतं, बाई, नका येऊ, गाव बंद आहे. एवढंच तर सांगायचं होतं. फोन हातात घेतलेला मी. पण काय सांगू? देवाने सांगितलं म्हणून आम्ही सगळे कोंबड्या काखेत मारून पळालोय? जगभर फिरलेल्या बाईला? मला लाज वाटली हो. स्वतःच्या गावाची लाज वाटली. म्हटलं, ती हसेल. बारा महिने बोर्ड लावतो आणि देवाच्या नावाने बंद ठेवतो.

म्हणून मग मी — नाय, काय बोलतोय मी. सरळच सांगतो. नेलं मी तिला. तिला आणि तिच्या कॅमेऱ्यावाल्याला. सकाळी इकडचे सगळे खाडीच्या तोंडाकडे जाळी घेऊन गेलेले, बायका स्वैपाकात, मी म्हटलं जरा सामान आणायला जातो बाजारात, आणि खालून, कांदळातून होडी घातली. कोणी बघितलं नाय. विचार केला काय होतं, पायवाटेने फिरवायचं, घरांकडे जायचंच नाय, देवळाकडे तर नायच नाय. देवाला काय, कडेकडेने गेलं तर. असा विचार केला मी. शिकलेला माणूस ना मी.

आता तुम्ही बघितलंय म्हणजे लपवण्यात काय अर्थ. कडेकडेने नाय राहिलो. ती म्हणाली, गाव किती सुंदर आहे, आत जाऊ या ना. गेलो. म्हणाली, हे घर किती गोड आहे, ते अंगण, ते तुळशीवृंदावन. विमलाकाकीचं घर ते. पळणीत कुलूप लावत नाय कोणी, नुसती कडी. कोण येणार आहे? कडी मी काढली. तिने नाय सांगितलेलं. मीच म्हटलं, या, जुनं स्वैपाकघर दाखवतो. तिची चूल दाखवली. तिचं जातं दाखवलं. खुंटीवर काकांचा सदरा असतो अजून, ती तो धुते, परत खुंटीला लावते, तो पण त्या व्हिडिओत आहे, बघितलात? ‘किती ऑथेंटिक’ म्हणाली ती. मी मान हलवली. पाहुणीला तिच्याच विहिरीचं पाणी काढून दिलं. ती बिचारी चांगली बाई हो, तिला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं की इथे यायचं नसतं. उलट —

नाय, काय नाय. उलट काय नाय.

तर ती कोंबडी. परसात होती, आंब्याच्या मुळाशी. पळणीच्या गडबडीत राहिलेली. पहिल्या संध्याकाळी काकीने खोप न् खोप फिरून विचारलेलं, “माजी तांबडी खंय दिसली काय गो? खंय दिसली काय रे?” सगळ्या गावाला माहीत, तांबडी राहिली. रात्रभर बसून होती, कोल्हा खाईल म्हणून. आता मला ती समोर दिसली, मी काय करू? सोडून येऊ? काखेत मारली, पिशवीत घातली, आणली. पाहुण्यांना कसालच्या गाडीला बसवून दिलं आणि आलो, काकीच्या हातात दिली. म्हटलं, काठावर गावली, झुडपात, पोहून आली की काय देव जाणे. असं हसत हसत म्हटलं. फार बरं वाटलं मला तेव्हा. खरं सांगतो, त्या दिवसात मला स्वतःबद्दल एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

काकीने कोंबडी हातात घेतली, उलटी केली, तिचे पाय बघितले. जुव्यावरची माती तांबडी. इकडचा चिखल बघा, काळा. तिने माझ्याकडे बघितलं पण नाय. उठली, खाडीवर गेली, आणि कोंबडीचे पाय धुतले. घासून घासून. कोंबडीचे पाय कोण धुतं हो?

मग डावा कौल पडला. दाजींनी सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, कोण गेललो? कोण गेललो तां सांगा. मग कोणतरी बाई म्हणाली, त्या तांबडीचं काय? दाजी म्हणाले, “विमल, ही कोंबडी खंयसून इली गो?” मी तिथेच होतो. होडीत. माझ्याकडे बोट दाखवायला तिला हातसुद्धा पूर्ण उचलायला लागला नसता. ती म्हणाली, “मियाच जावन हाडली. ओहोटीक, मागल्या वाटेन.”

म्हणे स्वतःच जाऊन आणली. आता मागली वाट म्हणजे काय, गुडघाभर चिखल आणि कांदळाची मुळं. काकीला खोपीतून उठायला काठी लागते. दाजींनी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी होडीतलं पाणी उपसत होतो. होडीत पाणी नव्हतं.

तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द त्याबद्दल बोलली नाय. रोज संध्याकाळी विचारते फक्त, “गुरू, जेवलंस काय रे?” मी म्हणतो जेवलो. कधी कधी जेवलेलो नसतो. एकदा तिने कालवांचं सुकं पाठवलं वाटीत. सगळे तिच्याशी बोलत नायत आणि ती मला वाटीतून सुकं पाठवते. खाल्लं मी ते. वाटी धुवून ठेवलीय, नेऊन द्यायची हिंमत होत नाय.

तुम्ही म्हणाल, मानतोस का तू हे सगळं, कौल, देव, पळण? विचारू नका. मला नाय माहीत. तांदूळ आहे, ओल असली की उशिरा पडतो, सुकला की पडतो, डावा काय उजवा काय. असं मी म्हणायचो. पण काकी मानते ना. हाडामांसात मानते ती. देवळाच्या पायरीवर चप्पल आधी कुठल्या पायातली काढायची हे पण ती चुकत नाय. ती बाई आज रवळनाथासमोर उभी राहून खोटं बोलणार. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आणि तिला वाटतं की त्याची शिक्षा मिळते, आणि ती घ्यायला ती तयार आहे. माझ्यासाठी. आणि मी तिला वल्हवत घेऊन जाणार. पाणी कुठपर्यंत आलं? खाचेच्या खाली आहे अजून. थोडंसं.

ऐका ना. तुम्ही एक करा. तुम्ही तो व्हिडिओ दाजींना दाखवा. तुम्हाला काय, तुम्ही परके, तुम्ही आपलं सहज, असं, ‘अहो आजोबा, मी हे बघून आलो हो, हेच का ते बेट?’ — एवढंच म्हणायचं. बाकी ते बघतील. मी तिकडे माडापाशी जाऊन उभा राहतो. म्हणजे माझ्या तोंडून — तोंडच उघडत नाय हो माझं. रोज सकाळी ठरवतो. रोज दाजींच्या खोपीपर्यंत जातो आणि विचारतो, दाजीनू, काय हवंनको? आणि पाणी भरून देतो. त्यांच्या घागरी कधी रिकाम्या नसतात हल्ली.

नाय म्हणता? नाय, नाय, तयार आहात? खरंच? तुम्ही चांगले आहात हो. असं बघू नका पण माझ्याकडे. हां, फक्त एक. अर्धाच दाखवा. ते घर, विहीर, तिथपर्यंत. त्याच्या पुढे नको. त्याच्या पुढे ती उर्वशी विचारते ना, इथे कोणीच कसं नाही? ते नको.

बघितलंय तुम्ही ते? ऐकलंय? मग कशाला मघापासून गप्प बसलात. मग तुम्हाला माहीतच आहे मी काय बोललो ते. मी म्हटलं, आमची माणसं जरा खुळी आहेत मॅडम. देव येतो म्हणून घरं टाकून पळतात. आणि हसलो. काकीच्या ओटीवर बसून हसलो मी. तिच्या पाटावर. तिला हसू आलं नाय, त्या बाईला. मी एकटाच हसतोय त्यात. व्हिडिओ बघताना मी पहिल्यांदा ऐकला माझा तो आवाज. माझ्या बापाने ऐकला असता तर. जुव्यावर गेलो ते एक. देवाने त्याचं काय करायचं ते करावं. पण हे हसणं — गावाला काय वाटेल ते वाटो, काकीने ऐकायला नको एवढंच वाटतं मला. ती म्हणजे ती खुळी माणसं ना. पहिली तीच.

लागलं. पाणी लागलं खाचेला. आले बघा. दाजी पुढे, नारळ हातात. मागनं काकी. नवं लुगडं नेसलीय. कोंबडी पदराखाली. सगळा गाव उठून उभा राहिला बघा, बघायला. तुम्ही या ना असे पुढे. हां. काढा फोन. मी इकडे —

नको. ठेवा. ठेवा खिशात. थांबा जरा तुम्ही.

दाजीनू, होडीत बसा नकात. वायच थांबा. काकी, तू पण चढा नको. माका माहीत आसा उशीर होतलो. होऊंदे. ती तांबडी काकीन नाय हाडल्यान. मिया हाडली. पळणीत मिया गेललंय, दोन पावण्यांका घेवन, कांदळातसून. काकी, तू गप रव. गप रव गो, माका बोलूंदे. तुझ्या घरात गेललंय. कडी मिया काढली. काकांचो सदरो पण — रडा नको गो. दाजीनू, तुम्ही तरी कायतरी बोला. कोणतरी बोला रे.

बोलत नायत कोणी. बरोबर आहे. अजून पूर्ण झालंच नाय ना.

साहेब, तो फोन. काढा तो परत. हो, लावा. पहिल्यापासून. काकीच्या समोर धरा. मी हसतोय ना पुढे, तिथे बंद करू नका. आणि आवाज वाढवा. नाय, अजून. पूर्ण वाढवा. काकीला कमी ऐकू येतं.